पाबळचा वाडा

आमच्या शिरूर तालुक्यातल्या जुन्या गावांची ओळख पूर्वी दुरूनच पटत असे. शिवारातून येणाऱ्या माणसाला आधी देवळाचा कळस दिसे आणि मग गढीचा बुरूज. कळस अजून दिसतात, उलट नव्या रंगाने जास्तच उठून दिसतात. बुरूज मात्र आता शोधावे लागतात. मलठण आणि कवठे येमाईकडे पवारांच्या गढ्यांचे अवशेष आहेत. इतर गावांत कुठे नुसता दरवाजा उरला आहे, कुठे निवडुंगाने वेढलेला मातीचा उंचवटा. गावकरी त्या उंचवट्याला अजूनही ‘गढी’च म्हणतात. वास्तू गेली तरी शब्द जागा सोडत नाही.

गढी म्हणजे किल्ला नव्हे आणि नुसते घरही नव्हे. जिच्या धन्याचा हक्क गावाच्या जमिनीवर चालतो, अशी ती वास्तू. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानले जात: वस्तीची जागा ती ‘पांढरी’ आणि पिकाची जमीन ती ‘काळी’. काळीत जे पिकेल त्याचा हिशेब पांढरीतल्या या वाड्यात होई. सारा इथे जमा होई, तंट्याचा निवाडा इथल्या सदरेवर होई, दुष्काळात धान्याची बळदे इथेच उघडत आणि चोर-दरोडेखोरांची हूल उठली की बायकापोरे याच तटाच्या आत धावत. म्हणून दर्शनी दरवाजाला अणकुचीदार खिळे, आतून भिंतीत सरकणारा अडसर आणि तटाला जंग्या. घराला जितकी सुरक्षितता हवी तितकीच तिजोरीला.

मी या वाड्यांना ओळखू लागलो तो इतिहासाच्या पुस्तकांतून नव्हे, तर बांगड्यांच्या टोपलीमागून चालताना. माझे आजोळ पाबळचे. नानी मणेरीण होती. अब्बा दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते, आम्ही रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो. उन्हाळ्याच्या सुटीत अम्मी मला पाबळला सोडून जाई. नानीची फेरी पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, शिक्रापूर अशी आठवडे बाजारांच्या वाराने ठरलेली असे. मी दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत टोपलीची एक बाजू धरून तिच्याबरोबर फिरलो.

या फिरण्याचे एक वैशिष्ट्य होते. वाड्यात येणारा प्रत्येक माणूस कुठेतरी थांबे. परका माणूस देवडीवर थांबे. कामाचा माणूस पहिल्या चौकात, सदरेच्या पायरीशी. पाहुणा ओसरीवर, सोयरा असला तर सोप्यात. मणेरणीला मात्र थेट माजघरात जावे लागे, कारण सासुरवाशिणी बाहेर येत नसत. नवी सून असो की गरोदर लेक, हिरवा चुडा भरायचा तर मणेरीणच आत जाणार. गावच्या मोठमोठ्या पुरुषांनी न पाहिलेली माजघरे माझ्या नानीने पाहिली होती. तिला अक्षर येत नव्हते, पण तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांचे नकाशे तिच्या डोक्यात होते.

वाड्यात शिरण्यापूर्वी ती मला दटावायची, “चुपचाप बैठना. किसी चीज को हात नै लगाना.” आत गेल्यावर तीच नानी अस्सल पाबळी मराठीत बोलायची, “काकी, हात सैल सोडा, न्हाईतर बांगडी वाढंल.” बांगडी फुटली असे म्हणायचे नाही, वाढवली म्हणायचे, हा रिवाज मी तिच्याकडून शिकलो. बांगड्यांचे मोल कधी रोख मिळे, कधी पायलीभर बाजरी. वाड्यातल्या मोठ्या बाई तिला ‘मणेरीणबाई’ म्हणत, सुना ‘मावशी’ म्हणत आणि ती प्रत्येकीला तिच्या मानाप्रमाणे काकी, वैनी, ताईसाहेब म्हणे.

टोपलीशेजारी गप्प बसून मी घर पाहत असे. सागवानी खांब खाली दगडी तळखड्यावर उभे आणि वर तुळयांना जोडलेले. छताला कडीपाट. भिंतीचा खालचा भाग घडीव काळ्या दगडाचा आणि वर भाजक्या विटा किंवा पांढरी माती, म्हणजे भार खाली आणि हलके बांधकाम वर. या भिंती दोन-दोन हात रुंद असत. त्यांच्याच पोटात बळद. त्यात वरून धान्य ओतायचे आणि खालच्या भोकातून काढायचे. घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, म्हणून कुणाचा तीनखणी सोपा, तर कुणाचा पाचखणी. चुना घाणीत मळला जाई. दगडी चाक बैलांनी गोल फिरवून चुना आणि वाळू एकजीव करायची. इतक्या जाड भिंतींमुळे वैशाखात बाहेर फुफाटा असला तरी माजघरात डोक्यावर ओले फडके ठेवल्यासारखे वाटे. आमच्या दौंडच्या क्वार्टरला एकाच विटेची भिंत होती. दुपारी तिला हात लावला तर चटका बसे.

पुढे शिक्षक झाल्यावर मी नानीकडून ऐकलेले वाड्याचे शब्द एका वहीत उतरवून काढले. ओसरी, पडवी, माजघर, परसू, आड, उंबरा, तुळई, खांब हे आपल्या मातीतले शब्द. दरवाजा, दिवाणखाना, मजला, जिना, हौद, बुरूज, फरशी हे फारसी-अरबीच्या वाटेने आलेले. ज्याला आपण महिरप म्हणतो ती मेहराब. पेशवाईतल्या दिवाणखान्यांची शान असलेला सुरूदार खांब म्हणजे सुरूच्या झाडाच्या घाटाचा खांब. तो घाट मोगल बांधणीतून दक्षिणेत आला आणि ब्राह्मणांच्या देवघरासमोरही उभा राहिला. वाडा हा शब्द आपला, त्याची चौकाभोवतीची रचना आपली आणि त्याच्या आत निम्मे शब्द बाहेरून आलेले. मराठी वाड्यातून हे शब्द वेगळे काढायचे म्हटले तर वरच्या मजल्यावर जायला जिना उरणार नाही आणि आत शिरायला दरवाजाही नाही.

अशा वाड्यांत पाबळचा वाडा निराळा, कारण तो बाईच्या नावाचा. तोही कुणा पाटलीणबाईंचा किंवा सरदारणीचा नव्हे, मस्तानीचा.

मस्तानीची कथा आता सर्वांना ठाऊक आहे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने ती घराघरांत नेली आणि २०१५ च्या हिंदी चित्रपटाने जगभर. १७२९ मध्ये मोहंमदखान बंगशाने छत्रसालाला कोंडीत पकडले. बाजीराव पेशवे बुंदेलखंडात धावून गेले. कृतज्ञ छत्रसालाने त्यांना आपल्या राज्याचा हिस्सा दिला. त्याच संबंधातून मस्तानी पुण्याला आली. तिच्या जन्माविषयी इतिहासकारांत एकमत नाही. कुणी तिला छत्रसालाची मुसलमान राणीपासून झालेली कन्या मानतात, कुणी दरबारातली कलावंतीण. प्रणामी पंथाचा उल्लेखही होतो. द. ग. गोडशांनी तर ‘मस्तानी’ हे स्वतंत्र पुस्तक लिहून तिच्यावर साचलेली दंतकथांची पुटे खरवडून काढण्याचा प्रयत्न केला. मला तिच्या सौंदर्याच्या कथांपेक्षा, पानाची पिंक गळ्यातून दिसे वगैरे, तिच्या घरांची गोष्ट महत्त्वाची वाटते.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची. त्या वाड्यात मस्तानीसाठी महाल झाला, तटाला तिच्या नावाचा दरवाजा झाला. पण पेशव्यांच्या घराने तिला घरातली मानले नाही. १७३४ मध्ये तिला मुलगा झाला. त्याची मुंज लावण्याची वडिलांची इच्छा पुण्याच्या ब्रह्मवृंदाने मानली नाही असे सांगतात. तो समशेर बहाद्दर म्हणून वाढला. कोथरूडलाही तिच्यासाठी महाल होता. त्याचे अवशेष पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभे केले आहेत. तिथले खांब आणि महिरपी पाहताना लोक हळू आवाजात बोलतात. पण ते घर आता घर नाही, दालन आहे.

आणि तिसरे घर पाबळचे. बाजीरावांनी तिला पाबळ, केंदूर आणि लोणी ही गावे इनाम दिली. पाबळला तटबंदीचा मोठा वाडा उभा राहिला. इनाम या शब्दाकडे आपण नीट पाहत नाही. महाल दिला म्हणजे राहायला छप्पर दिले. इनाम दिले म्हणजे गावाच्या उत्पन्नावर हक्क दिला. महालातून कुणीही बाहेर काढू शकतो. उत्पन्न नावावर असलेल्या बाईला काढायचे तर आधी कागद फाडावा लागतो. अठराव्या शतकात, ज्या स्त्रीला सासरच्या देवघराचा उंबरा बंद होता, तिच्या नावावर तीन गावांची काळी होती. पुण्यातला महाल पेशव्यांच्या प्रेमाची खूण असेल, पण पाबळचा वाडा ही त्यांनी केलेली तरतूद होती. उद्या मी नसेन, तेव्हा हिला कुठे जाता यावे, एवढा विचार त्यात दिसतो.

तो उद्याचा दिवस लवकर आला. १७३९ च्या अखेरीस घरातला कलह टोकाला गेला. बाजीराव पुणे सोडून पाटसला येऊन राहिले आणि मस्तानीही पुण्याहून निसटून तिथे पोहोचली, असे इतिहासग्रंथांत सांगितले आहे. हे पाटस आमच्या दौंड तालुक्यातले. पुणे-सोलापूर रस्त्यावर आज तिथे भरधाव वाहने जातात. लहानपणी त्या फाट्यावर एसटीची वाट पाहत कितीदा उभा राहिलो, पण कुणी कधी सांगितले नाही, की या गावात त्या दोघांचे अखेरचे काही दिवस गेले. तिला परत पुण्याला आणले गेले. १७४० च्या आरंभी बाजीराव स्वारीवर असताना तिला नजरकैदेत ठेवले. २८ एप्रिल १७४० ला नर्मदाकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले, आणि पाठोपाठ त्याच वर्षी मस्तानीही गेली. विष घेतले, सती गेली, धक्क्याने गेली, अशा नाना कथा आहेत. तिची कबर मात्र पाबळला आहे. पुण्यातल्या महालाने तिला ठेवून घेतले नाही, पाबळच्या मातीने घेतले.

समशेर बहाद्दर पेशव्यांच्या घरातच वाढला आणि १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून जखमी झाला. भरतपूरच्या आश्रयाला त्याने प्राण सोडला. त्याचा मुलगा अली बहाद्दर याने बुंदेलखंड मिळवले, १८०२ मध्ये कालिंजरच्या वेढ्यात तो वारला. पुढे बांद्याच्या नवाबांचे घराणे त्याच्यापासून चालले आणि त्यातला दुसरा अली बहाद्दर १८५७ च्या लढ्यात झाशीच्या राणीच्या आणि तात्या टोप्यांच्या बाजूने उतरला. ज्या मुलाची मुंज होऊ शकली नाही, त्याने आणि त्याच्या वंशजांनी आपले नाते रणात सिद्ध केले. सिद्ध करण्याची ही जबाबदारी त्यांच्यावरच का यावी, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नसतो.

हा प्रश्न माझ्या मनात पुस्तक वाचून आलेला नाही. अब्बा निवृत्त झाले तेव्हा आम्हाला क्वार्टर सोडायचे होते. सदतीस वर्षे इंजिनांचे सांधे जुळवलेल्या माणसाच्या नावावर एक गुंठाही नव्हता. पाबळला भावाभावांत वाटणी झालेले नानीचे घर होते, पण आम्हा मुलांची नोकरी-शाळा शिरूर-दौंडकडे. अब्बांनी एका गावी प्लॉट पाहिला. व्यवहार ठरला, विसार द्यायचा दिवस ठरला. कागद करण्यासाठी त्या गृहस्थांनी पूर्ण नाव विचारले, अब्बांनी सांगितले. मग त्यांनी थोडा वेळ कागदाकडे पाहिले आणि विचारले, “तुमचं मूळ गाव कोणतं म्हणायचं?”

“पाबळ,” अब्बा म्हणाले.

“नाही, त्याच्या आधीचं?”

अब्बा जरा थांबले. मग म्हणाले, “भाऊसाहेब, त्याच्या आधीचं मलाही ठाऊक नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक असेल तर सांगा.” ते गृहस्थ हसले, चहा पाजला आणि आठवड्याने निरोप पाठवला, की घरात भावांचा विचार बदलला. अब्बा कुणालाही वाईट बोलले नाहीत. त्या रात्री ते अम्मीला एवढेच म्हणाले, “मस्तानीलाही आधी गावच द्यावं लागलं, मग घर.” पुढे आम्हाला शिरूरला जागा मिळाली, ती एका माळी कुटुंबाने विकली. त्यांनी नाव विचारले नाही असे नाही; विचारले, लिहिले आणि खाली सही केली. इतकेच तर हवे असते.

शिरूरलाच एक गोष्ट आहे, ती मी वर्गात मुलांना नेहमी सांगत असे. पेशवाईच्या अखेरीस शिरूर, म्हणजे तेव्हाची घोडनदी, ही इंग्रजांची छावणी होती. १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी इथूनच कोरेगावकडे निघाली होती. त्या छावणीतला कर्नल वॉलेस १८०९ मध्ये वारला, त्याची कबर शिरूरला आहे. आजूबाजूचे शेतकरी त्याला ‘सत्पुरुष’ म्हणत आणि सुगीच्या वेळी तिथे नैवेद्य दाखवत, अशी नोंद १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये आहे. सात समुद्रांपलीकडून आलेल्या फौजी अधिकाऱ्याला आमच्या शेतकऱ्याने आपला देवमाणूस मानून टाकले. माती कुणाला आपले म्हणते याचे नियम कागदावरच्या नियमांहून फार वेगळे आहेत.

मध्यंतरी इंग्लंडला राहणाऱ्या भाच्याकडे जाण्याचा योग आला. तिथे केंट परगण्यात इटम मोट नावाचे खेड्यातले जुने घर त्याने दाखवले. तिकडे अशा घराला मॅनर हाउस म्हणतात. म्हणजे आपली गढीच. गावच्या जमिनीचा धनी तिथे राहायचा, कुळांची न्यायसभा त्याच्या मोठ्या दालनात भरायची. हे घर चौदाव्या शतकातले, भोवती पाण्याचा खंदक, आत दरवाजाची देवडी आणि मधोमध फरसबंद चौक. चौकात उभा राहिलो आणि क्षणभर मला मलठणची, कवठ्याची आठवण झाली. दगडाचा खालचा थर, त्यावर लाकडाचा सांगाडा, मोठे दालन पुरुषांचे आणि आतल्या खोल्या बायकांच्या. माणूस सगळीकडे घर जवळपास एकाच भीतीने आणि एकाच हौसेने बांधतो.

पण फरक पुढे होता. दोन महायुद्धांच्या काळात तिकडचे जमीनदारही कराच्या ओझ्याने मोडकळीला आले, शेकडो वाडे पाडले गेले. तेव्हा १८९५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने १९३७ पासून एक योजना आखली. मालकाने घर संस्थेला द्यायचे, घरच्यांनी हवे तर तिथेच राहायचे आणि लोकांना पाहायला वाट मोकळी करायची. इटम मोट १९८५ मध्ये या संस्थेकडे आले. १९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षे तिची दुरुस्ती चालली. बराच भाग उकलून, मूळ बांधणी कशी होती याच्या नोंदी करून तो पुन्हा उभा केला. चौकात एकोणिसाव्या शतकातले कुत्र्याचे एक लाकडी घर आहे, मालकांच्या दांडग्या कुत्र्यासाठी केलेले. तेही कायद्याने संरक्षित! भाचा कौतुकाने सांगत होता. मी हसलो, पण मनात पाबळ होते.

पाबळला जायचे तर नगर रस्त्याने शिक्रापूरला यायचे आणि तिथून आत वळायचे. आज या गावाची ओळख अनेक कारणांनी आहे. १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबागांनी इथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना हातांनी काम करत शिकवण्याचा तो प्रयोग देशभर गाजला. जैनांचे तीर्थ म्हणूनही गाव प्रसिद्ध आहे. एका बाजूला चाकण आणि दुसऱ्या बाजूला रांजणगावचे कारखाने, त्यामुळे जमिनीचे भाव आभाळाला. पण पाबळ-केंदूरच्या या पट्ट्याला पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. वाड्याची मात्र वाताहत झाली. तट ढासळले, तटाचे दगड गावात विखुरले. कबर कुंपणाच्या भिंतीत, उघड्यावर, अगदी साधी. तिच्यावर ना घुमट ना नक्षी.

हे आपोआप झाले नाही. इनामे आणि वतने हा गढ्यांचा श्वास होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला, १९५२ च्या कायद्याने व्यक्तिगत इनामे गेली, १९६२ मध्ये पाटीलकी गेली. कायदे न्यायाचेच होते. कसणाऱ्याला जमीन मिळाली, तिच्यावर माझे अनेक विद्यार्थी शिकले. पण काळीचे उत्पन्न थांबले तशी पांढरीतली घरे बसू लागली. दर पावसाळ्याला एक भिंत. धाब्याला लागणारी पांढरी माती लोक तिथूनच नेत, आणि ती शेतात टाकली तर पीक चांगले येते हेही त्यांना ठाऊक होते. घडीव दगड कुणाच्या पायरीला, कुणाच्या विहिरीला. नानीची एक म्हण होती, वाड्याची भिंत पडली म्हणू नये, बांगडीसारखी वाढवली म्हणावे. मला वाटते, दगड गावभर वाटले गेले याची तिला खंत नव्हती. खंत होती ती त्या घराचे कुणी नावही नीट घेत नाही याची. मस्तानी म्हटले की चावडीवर कुणीतरी डोळा मिचकावी आणि नानी टोपली उचलून चालू लागे.

आता डोळे मिचकावत नाहीत, वाद घालतात. गेल्या काही वर्षांत मी पाबळला गेलो की तरुण मुले भेटतात, मोबाइलवर फोटो काढत असतात. एकदा दोघे माझ्यासमोरच अडून बसले. एक म्हणे ही समाधी आहे, दुसरा म्हणे मजार आहे. पहिला म्हणाला, “ती बाजीरावांची, म्हणजे आमची.” दुसरा म्हणाला, “दफन केलीय, म्हणजे आमची.” मग दोघांनी माझ्या पांढऱ्या दाढीकडे पाहून विचारले, “सर, तुम्ही सांगा.”

मी त्यांना विचारले, “इथल्या म्हाताऱ्या काय म्हणतात?”

जवळच शेळ्या राखणाऱ्या एक आजीबाई होत्या. त्या म्हणाल्या, “आम्ही बाईच म्हंतो बाबा. बाईच्या हितं गेल्तो, बाईच्या वाड्यात गेल्तो.” मुले गप्प झाली. ती पटली म्हणून की कंटाळली म्हणून, ते सांगता येत नाही. पण मला त्या शब्दात पाबळचे शहाणपण दिसले. समाधी म्हणा, मजार म्हणा, उदबत्ती लावा, चादर घाला. बाई तिथे आहे आणि गाव तिचे आहे. तिच्याकडे मूळ गाव कोणते, असे पाबळ विचारत नाही.

प्रश्न आहे तो पुढच्या पन्नास वर्षांचा. ज्या घराचे दगडही उरत नाहीत, त्याच्याबद्दल काहीही सांगता येते. वाडा होता तोवर त्याचा चौक, त्याचा दरवाजा, त्याचे माजघर साक्षीला होते. तिथे एक बाई राहिली, तिने गावचा कारभार पाहिला, तिच्या देवडीवर मराठे पहारेकरी बसले असतील आणि तिच्या चौकात मोहरमच्या आणि दसऱ्याच्या मिरवणुका थांबल्या असतील, असा विचार करायला जागा होती. आमच्या भागात मोहरमच्या सवाऱ्या पाटलांच्या दारात जात आणि पाटलीणबाई त्यांच्या पायांवर पाणी घालत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भिंती गेल्या की ही साक्ष जाते. मग ज्याला जी गोष्ट हवी ती तो मोकळ्या मैदानावर उभी करतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. महाराष्ट्रात प्राचीन स्मारकांचा कायदा १९६० पासून आहे. पण कायदा आधी नोंद मागतो, आणि नोंद कुणीतरी करावी लागते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. मीटरचा टेप लागतो, वही लागते आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायला दोन दुपारी लागतात. निवृत्तीनंतर मी शिरूर-दौंडच्या दहा-बारा गावांत हे सुरू केले आहे. दरवाजाची रुंदी, भिंतीची जाडी, खांबांचे खण, शिल्लक तळखडे. आणि प्रत्येक खोलीला घरातली बाई काय म्हणत होती तो शब्द. पुरुष मला बुरूज दाखवतात. माजघर कुठे होते ते विचारायला मात्र बायकांकडेच जावे लागते, आणि त्या हमखास सांगतात. कारण त्यांच्या आज्यांनी तिथे बसून हिरव्या बांगड्या भरलेल्या असतात.

वाचकांपैकी कुणाच्या गावात अशी गढी असेल तर या दिवाळीत किंवा ईदला गावी जाल तेव्हा टेप बरोबर घ्या. मोजून झाल्यावर कागदावर तारीख घाला, गावाचे नाव घाला आणि ज्यांनी माहिती दिली त्यांची नावे, त्यांना विचारून, खाली लिहा. माझ्या वहीतल्या पाबळच्या पानावर तट, दरवाजा आणि कबर यांची मापे आहेत. माजघराची जागा अजून रिकामी आहे. ती सांगणारे कुणीतरी गावात नक्की असेल, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे.